घरी विणलेला मोजा सैल का होतो?

‘घरी विणलेले मोजे टाचेखाली गोळा होतात, घोट्यावरून उतरतात. पायाला धरून बसतील असे कसे विणायचे?’ हा प्रश्न नेहमी येतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

बहुतेक वेळा मोजा नंतर सैल होत नाही, तो मुळातच सैल विणलेला असतो. पावलाचा घेर मोजून तेवढ्याच घेराचा मोजा विणला की तो घसरणारच. वीण थोडी ताणलेली असेल तरच पायाला धरून राहते. म्हणून मोजा घेरात पायापेक्षा दहावा भाग कमी हवा आणि लांबीत एक-दीड सेंटिमीटर कमी.

चवड्याचा घेर २२ सेंमी असेल तर मोज्याचा २० धरा. फोर प्लाय लोकर आणि १३ नंबरच्या, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या सुयांवर मध्यम हाताने १० सेंमीत साधारण ३२ टाके बसतात. त्या हिशेबाने ६४ टाके झाले. तुमच्या हाताला २८च बसत असतील तर तेच ६४ टाके जवळजवळ २३ सेंमी भरतील, पायापेक्षाही जास्त. अशा वेळी टाके ५६ करून घेर जुळतो, पण वीण विरविरीत राहते आणि टाच लवकर झिजते. त्यापेक्षा १४ नंबरची सुई घ्या. (आपल्याकडच्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते.) नमुन्याचा तुकडा गोलच विणा, कारण सपाट तुकड्यातल्या उलट ओळी अनेकांच्या हातून सैल येतात. तो धुऊन, वाळवून मगच मोजा.

लोकर ७५ टक्के खरी आणि २५ टक्के नायलॉन असलेली उत्तम. मोठ्या माणसाच्या जोडीला १०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ४०० मीटर पुरते. नुसती अॅक्रिलिक घेऊ नका. ती घाम शोषत नाही आणि ताणली की तितकीशी परत आवळत नाही.

टाके घालताना दोन सुया एकत्र धरून घाला. टाचेवरून तिरका घेर ३० सेंमीच्या पुढे जातो आणि सुरुवातीची कड तेवढी ताणली गेली पाहिजे. ती घट्ट असेल तर बाकी मोजा कितीही चांगला असला तरी पायात चढत नाही. चार सुयांवर १६-१६ टाके ठेवून पाचवीने विणायचं. ६४ला चारने भाग जातो, म्हणून २ सुलट २ उलट अशी बॉर्डर नीट बसते. पोटरीकडचा १५ सेंमी भाग सगळाच असा विणला तर घसरण्याचा प्रश्नच राहत नाही. दोन सुयांच्या मधे उभी जाळी पडते ती सांध्यावरच्या सैल धाग्यामुळे. प्रत्येक सुईवरचा दुसरा टाका विणताना धागा ओढून घ्या, पहिला ओढून फारसा उपयोग होत नाही.

खरं काम टाचेचं. अर्धे टाके, म्हणजे ३२, घेऊन ३२ ओळी सपाट विणा. सुलट बाजूला एक टाका न विणता उचलायचा, एक विणायचा. उलट बाजूला पहिला उचलून बाकी सगळे उलट. अशी टाच जाड आणि टिकाऊ होते, शिवाय प्रत्येक कडेला १६ साखळ्या मिळतात. पाऊल वरून उंच असेल तर चार-सहा ओळी वाढवा. घोट्यापुढे वीण आवळत असेल तर कारण हेच असतं. लोक उगाच घेर वाढवतात.

मग टाच वळवायची. १८ सुलट, दोनांचा एक, आणखी एक सुलट, फिरवा. पहिला उचला, ५ उलट, दोनांचा एक, एक उलट, फिरवा. पुढे दर ओळीत मधला एकेक टाका वाढत जातो आणि वळल्यामुळे पडलेल्या फटीच्या दोन्ही बाजूंचे टाके एकत्र होतात. शेवटच्या दोन ओळींत तो जादा एक टाका उरत नाही. सगळे संपले की सुईवर १८ राहतात.

ते सुलट विणून प्रत्येक कडेच्या १६ साखळ्यांतून टाके उचला आणि कोपऱ्यात एक जादा घ्या. हा जादा टाका पीळ देऊन विणला की तिथलं भोक बुजतं. पावलाच्या वरचे बाजूला ठेवलेले ३२ धरून एकूण ८४ झाले. आता एक फेरी सोडून एक, दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करत पुन्हा ६४वर या. अशा घटी दहा वेळा लागतात.

पाऊल २४ सेंमी असेल तर टाचेच्या मागच्या टोकापासून १८ सेंमी झाल्यावर बोटांकडची घट सुरू करा. फेरीआड चार टाके कमी करत ३२वर या, नंतर प्रत्येक फेरीत चार कमी करत १६वर. उरलेले ८ आणि ८ शिवायच्या जाड सुईने टाक्याला टाका जोडून घ्या. नुसते बंद करून शिवलेत तर बोटांवर वळ येतो. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांना तो वळ टोचतही नाही आणि जखम होते, म्हणून त्यांच्या मोज्यात सांधा नकोच.

धुताना थंड पाणी आणि रिठा. गरम पाण्यात खरी लोकर आटून नमद्यासारखी होते. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत आडवे वाळवा. आजी-आजोबांसाठी विणत असाल तर हेही सांगा, की गुळगुळीत फरशीवर नुसत्या मोज्यांनी पाय घसरतो, वर चप्पल हवीच.