स्टिअरिंग रुसलं

आज रविवार सत्कारणी लावू म्हणून २००६ सालच्या आमच्या म्हातारीचा पॉवर स्टिअरिंगचा गळका पाइप स्वतःच बदलला. हात काळे, कंबर धरलेली, बायकोचं ‘मेकॅनिककडे न्या की’ तीनदा ऐकून झालेलं. तेल भरलं, गाडी चालू केली, तर स्टिअरिंग दगडासारखं जड! वर स्टिअरिंगला जोर देणारं तेल ढकलणाऱ्या पंपाची घूं घूं.

पंपच गेला म्हणून पोटात गोळा आला. पंप फिरवणारा बेल्ट दाबून पाहिला, ताण ठीक. मग स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं, तर आत ताकासारखा फेस. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. पाइप काढताना आत हवा शिरली होती. हवा दाबली जाते, तेल जवळपास दाबलं जात नाही; मग चाकं वळवायला जोर येणार कुठून?

पुढची चाकं उचलून खाली स्टँड लावले (नुसत्या जॅकवर माझा विश्वास नाही). इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा सावकाश फिरवलं. बुडबुडे वर येत होते, तेल खाली जात होतं, लेक भर घालत होती.

इंजिन चालू केलं. एका बोटाने फिरलं!

तेवढ्यात वरच्या बाल्कनीतून काका: “काय रे, सकाळपासून बिघडलीय का?”