पकडलेला शिकारी सुटतो कसा?

वनखात्यात नोकरी केलेल्या नागपूरकराला लग्नाच्या पंगतीत दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, पेंचला कोणत्या गेटनं गेलं की वाघ हमखास दिसतो. यावर सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली यांतलं जे तोंडात येईल ते सांगून मी मोकळा होतो. दुसरा प्रश्न आवाज जरा खाली आणून येतो: "तुम्ही लोक शिकारी पकडता, पेपरात फोटो येतो, मग तेच लोक काही वर्षांनी सुटतात कसे?" आवाज खाली येतो, कारण विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं: कुणीतरी पैसे खाल्ले. तसं कुठेच होत नसेल अशी शपथ मी घेणार नाही. पण रेंजर म्हणून निवृत्त होईपर्यंत मी जे खटले पडताना पाहिले, त्यांतले बहुतेक कागदावर पडले, आणि कागद बिघडला तो पहिल्याच रात्री.

आधी बीटगार्डचं सांगतो. बीटगार्ड, म्हणजे वनरक्षक, हा खात्यातला सगळ्यात खालचा माणूस, आणि जंगल टिकतं ते त्याच्यावर. त्याच्या ताब्यात जंगलाच्या काही कक्षांचं, म्हणजे आखून दिलेल्या तुकड्यांचं, एक बीट, संरक्षण कुटीत एक खाट, हातात काठी, खिशात गस्तीची नोंद ठेवणारा मोबाइल आणि सोबतीला एखाद-दुसरा वनमजूर. उन्हाळ्यात पाणवठ्याच्या काठाशी मेलेली पाखरं दिसली की त्याला विषाची शंका आली पाहिजे. पायवाटेवरची माती ताजी उकरलेली वाटली की लोखंडी सापळा आठवला पाहिजे. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचे दिवस. मोह वेचणारे झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पुढे सरकते, ती विझवायची यानंच. रात्रीतून साग पडला तर ते थूटही याच्याच हिशेबात. पोलिसांत गस्तीवाला वेगळा, तपासवाला वेगळा, कोर्टात फायली घेऊन धावणारा वेगळा. आमच्याकडे बऱ्याचदा तो एकच.

अशा माणसाला रात्री दोन वाजता नाल्यात तिघं जण सापडतात. एक पळतो, दोघांजवळ मांस, सुरा आणि तारेचं बंडल. आता पीओआर फाडायचा, म्हणजे प्राथमिक गुन्ह्याची नोंद करायची. मौका पंचनामा करायचा. एकेक वस्तू मोजून, सील करून जप्तीनाम्यावर चढवायची. आरोपींना 24 तासांच्या आत न्यायालयापुढे उभं करायचं. आणि या सगळ्यासाठी दोन पंच हवेत. कुठून आणायचे? जवळच्या गावात जाऊन माणूस उठवला, तर तो आरोपीचा भाऊबंद, नाहीतर त्याच्या उधारीतला. समोर खाकी आहे म्हणून तो सही करतो. कोर्टात मात्र म्हणतो, "मले काही माहीत नाही जी, कोऱ्या कागदावर सही घेतली." मी त्याला दोष देत नाही. आम्ही बदली होऊन जातो, त्याला त्याच गावात म्हातारं व्हायचं असतं. पंच म्हणून वनमजुराची सही घेतली, तर बचावाचे वकील पहिलाच प्रश्न टाकतात, "हे तुमचेच रोजंदार ना?"

पुढे मांसाची गोष्ट. डोळ्यांदेखत चितळ सोललेलं असलं तरी ते चितळच होतं हे प्रयोगशाळेनं सांगावं लागतं. नमुना किती दिवस रेंज ऑफिसच्या कपाटात होता, किल्ली कुणाकडे होती, पाकिटावरचं सील आणि पंचनाम्यातला सीलचा ठसा एकच आहे का, हे सगळं काही वर्षांनी विचारलं जातं. त्या वेळी चिखलात बसून, तोंडात बॅटरी धरून लिहिणाऱ्या माणसाला हे सुचलेलं असायला हवं.

कायदा कमकुवत आहे असं मात्र कुणी समजू नये. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा बराच कडक आहे. वाघ-बिबट्यासारख्या अनुसूची 1 मधल्या प्राण्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद. कलम 50 खाली आम्हाला वॉरंटशिवाय झडती आणि अटक करता येते. एखाद्याच्या ताब्यात वाघनख सापडलं, तर ते बेकायदा नाही हे त्यानं सिद्ध करायचं, आम्ही नाही. कलम 50 खालीच सहायक वनसंरक्षकाला किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्याला पुरावा नोंदवता येतो, आणि तो आरोपीच्या समक्ष नोंदवला असेल तर पुढे न्यायालयात चालतो. मेख इथे आहे. रेंजरनं रात्रीतून लिहून घेतलेल्या जबाबाला या तरतुदीचं बळ मिळत नाही. साहेब नागपूरला बैठकीत, आरोपी रेंजवर, आणि घड्याळ चालू.

त्यानंतर खटला. पोलीस आरोपपत्र दाखल करतात. आमच्याकडून जाते ती कलम 55 खालची तक्रार. या फरकाची किंमत बाहेरच्यांना कळत नाही. पोलिसांच्या अहवालावर न चालणाऱ्या अशा वॉरंट खटल्यात आरोप ठेवण्याआधीच आमचे साक्षीदार तपासले जातात, आणि आरोप ठेवल्यावर त्यांनाच उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावता येतं. म्हणजे एकाच रात्रीची हकिगत दोनदा सांगायची, मध्ये कितीतरी तारखा. तोवर बीटगार्ड बदलून गडचिरोलीला गेलेला, एक पंच मजुरीला तेलंगणात, दुसरा फितूर. दोन साक्षींत नाल्याची दिशा वेगळी निघाली की संशयाचा फायदा आरोपीला. न्यायाधीशांनी दुसरं काय करावं?

जामिनाचा मामला तर मला नेहमी गमतीचा वाटत आला. कायद्यात जामिनाची कडक अट आहे, कलम 51अ. ती लागू होते ती याच कायद्याखाली आधी शिक्षा झालेल्याला. आणि शिक्षा तर वर सांगितलेल्या वाटेनं होतच नाही, म्हणून सराईत माणूससुद्धा कागदोपत्री नवखाच राहतो.

मग शिक्षा होते कुणाला? हे मला कुणी विचारत नाही, पण सांगतो. रामटेक, पारशिवनी, उमरेडकडे रानडुकरं एका रात्रीत पीक लोळवतात. वैतागलेला शेतकरी 11 केव्हीच्या लाइनवर आकडा टाकतो आणि धुऱ्याच्या कडेनं बुटक्या खुंट्यांवर उघडी तार ओढतो. आमच्याकडे याला करंट लावणं म्हणतात. डुक्कर ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं कधी वाघ येतो. उमरेड-करांडल्याच्या जय या गाजलेल्या वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीड भागात असाच तारेला लागून मेला. वाघ मेला की वेगळं सिद्ध होईपर्यंत ती शिकारच धरायची, असा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा दंडक आहे, आणि तो बरोबर आहे. पण हा शेतकरी पळत नाही. घरीच सापडतो, तार त्याच्याच शेतात, पहिल्याच दिवशी रडत कबूल होतो. "डुकरं काहीच ठेवत नाही जी साहेब, रात्रभर मचानावर बसलो, डोळा लागला का सारं साफ." कातड्याच्या टोळीचा माणूस आणि हा, दोघांवर कलमं तीच. टोळीवाला जामिनावर सुटून दुसऱ्या राज्यात नाहीसा होतो, हा तारीख चुकवत नाही. त्याला सोडून द्या असं मी म्हणत नाही. पण याच्या गुन्ह्याचा खरा बंदोबस्त कोर्टात नाही, रात्रीच्या गस्तीत आहे. वाघ मरायच्या आधी लाइनखालून चालत जाऊन आकडा काढणं, आणि फीडर ट्रिप झाला, म्हणजे लाइनची वीज अचानक तुटली, की वीज उपकेंद्रातून बीटगार्डला लगेच फोन येणं. जिथे हे नीट चालतं तिथे खटलाच उभा राहत नाही. आणि न उभ्या राहिलेल्या खटल्याचा फोटो पेपरात येत नाही.

पेंचच्या जंगलातल्या तोतलाडोह धरणावरच्या चोरट्या मासेमारीचं थोडक्यात सांगतो, कारण तो विषय निघाला की पंगत उठते. धरणाचं पाणी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्हीकडे पसरलेलं. पलीकडच्या बाजूला, जंगलातून उठवलेल्या आदिवासींना दिलेले 305 मासेमारी परवाने सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये अटी घालून मान्य केले. पाण्यावर रेघ मारता येत नाही. रात्री बोटीनं गस्त घालताना जाळं सापडतं, जाळ्याचा धनी सापडत नाही.

लोक सुचवतात, वनरक्षकांना बंदुका द्या. व्याघ्र प्रकल्पांत विशेष संरक्षण दल आहे, हत्यारी टोळीसमोर ते हवंच. पण बीटगार्डला मला बंदूक द्यायची असती तर मी आधी तीन गोष्टी मागितल्या असत्या: प्रत्येक विभागात फक्त वन्यजीव खटले बघणारा सरकारी वकील, पंचनामा लिहायला शिकवलेला एक लेखनिक, आणि जप्ती सुरू झाल्यापासून सील लागेपर्यंत अखंड चालणारा कॅमेरा. यांत शौर्य काही नाही, त्यामुळे यासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

समन्स मला अजूनही येतात. जप्तीनाम्यावर सही माझी आहे, म्हणून रामटेकच्या कोर्टात जावं लागतं. जाण्याआधी मी जुन्या पीओआरची झेरॉक्स काढून कक्ष क्रमांक, वेळ आणि सीलची संख्या पुन्हा वाचतो. समोरचे वकील मन लावून तयारी करून येतात.