‘मशीन बंद आहे’ म्हणजे नक्की काय?

कर्मचाऱ्यांना दुसरी भाषा शिकवायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी आधी पुस्तक निवडलं जातं. पहिला धडा स्वतःची ओळख, दुसरा कुटुंब, तिसरा बाजारहाट. पण शिफ्ट बदलताना ‘मशीन बंद आहे’ एवढंच सांगून निघून जाणाऱ्या माणसाला यातलं काहीच उपयोगाचं नसतं. ते बंद पडलंय, बंद केलंय, की बंदच ठेवायचंय? तिसरा अर्थ पुढच्याला कळला नाही, तर एखाद्याचा हात जाऊ शकतो. अभ्यासक्रमाची सुरुवात इथून व्हायला हवी.

त्यासाठी वर्गाआधी दोन आठवडे फक्त साहित्य गोळा करा. ३०-४० खरे ईमेल, शिफ्टच्या नोंदवहीची पानं, सूचनाफलक, परवानगी घेऊन रेकॉर्ड केलेले फोन. नावं आणि नंबर काढून टाका. मग प्रत्येक कामासाठी पाहा: ऐकायचं किती, बोलायचं किती, वाचायचं, लिहायचं किती? पॅकिंगमधल्याला वाचावं खूप लागतं, लिहावं जवळजवळ लागतच नाही. रिसेप्शनवर सगळा भर ऐकण्या-बोलण्यावर. दोघांना एका वर्गात बसवलं की दोघांचाही वेळ वाया जातो.

तांत्रिक शब्द शिकवण्यात फार वेळ घालवू नका. ते कर्मचाऱ्यांना शिक्षकापेक्षा जास्त माहीत असतात. अडतं ते ‘होईपर्यंत’, ‘नाहीतर’, ‘त्याऐवजी’ अशा जोडशब्दांवर, आणि आकड्यांवर. इंग्रजीत १५ आणि ५० ऐकताना गल्लत होते. जर्मनमध्ये आपल्यासारखाच २५ म्हणताना पाच आधी येतो, त्यामुळे इंग्रजीची सवय असलेला माणूस फोनवर ५२ लिहून मोकळा होतो. आकडे ऐकून लिहिण्याचा सराव रोज पाच मिनिटं हवाच.

तास ४५ मिनिटांचा, आठवड्यातून दोनदा, गटात सहा ते आठ जण, आणि कामाच्या वेळेतच. शिफ्ट संपल्यावर ठेवलेला वर्ग तिसऱ्या आठवड्यात रिकामा पडायला लागतो. पहिली १० मिनिटं मागच्या तासाची उजळणी, मग खरं रेकॉर्डिंग, आणि उरलेला निम्मा तास जोडीने संवाद. दोघांच्या हातात वेगवेगळी अर्धवट माहिती द्या, म्हणजे विचारल्याशिवाय काम पुरंच होणार नाही. बोलणाऱ्याला मध्येच तोडू नका, चुका टिपून शेवटी सांगा. अपवाद फक्त आकडा, एकक आणि नकार यांचा. तिथे लगेच थांबवायचं. साहेबांना मात्र वर्गात बसू देऊ नका, लोक बोलायचेच थांबतात.

‘समजलं का?’ हा प्रश्न तर टाकूनच द्या. उत्तर नेहमी ‘हो’ येतं. त्याऐवजी विचारा, ‘आता तुम्ही काय करणार, सांगा.’ वैमानिकही नियंत्रण कक्षाची सूचना परत म्हणून दाखवतात, ते याचसाठी. त्यांच्या आंतरराष्ट्रीय भाषा-कसोटीत उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद असे सहा निकष असतात, आणि सर्वांत कमी गुण ज्यात, तीच त्या माणसाची पातळी धरतात. सरासरी नाही. कामाच्या जागी मला हेच योग्य वाटतं.

व्यवस्थापनाला ‘तीन महिन्यांत फाडफाड बोलतील’ असं वचन देऊ नका. भाषेची पातळी मोजणाऱ्या युरोपीय मोजपट्टीवर ए-टू (प्राथमिक पातळी) वरून बी-वन (मध्यम पातळी) ला जायला साधारण २०० तास मार्गदर्शनाखाली शिकावं लागतं. आठवड्याला दीड तास धरला तर अडीच वर्षं होतात. वचन कामाचं द्या: ‘आठ आठवड्यांत शिफ्टचा ताबा तोंडी देता येईल.’ आणि ते तपासा नोंदवहीत. वर्गाआधीची १० पानं, नंतरची १० पानं शेजारी ठेवा आणि किती नोंदींवर पुढच्या शिफ्टला फोन करून विचारावं लागलं, ते मोजा.