विंडोज ११ अडलं ते ई ड्राइव्हपाशी

"मॅडम, हे मशीन आता गेलं. नवीनच घ्या." दुकानदारानं हे सांगितलं तेव्हा कॅबिनेटचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. स्क्रीनवर 'या पीसीवर विंडोज ११ चालू शकत नाही' असं दिसलं, तेवढं वाचून त्यानं निकाल दिला आणि नव्या मशीनचा आकडा सांगितला. आज दोन महिने झाले, तरी त्या वाक्याचा राग गेलेला नाही.

मी लग्नपत्रिका, प्रबंध, संस्थांचे अहवाल अशी डीटीपीची कामं घरूनच करते. मशीन २०१९ मध्ये असेंबल करून घेतलेलं. प्रोसेसर आय-थ्री ८१००, म्हणजे आठव्या पिढीचा, आणि इंटेलमध्ये विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासूनच चालतं. रॅम चार जीबी लागते, माझी आठ आहे. मग नापास कशात? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट संपले होते आणि तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची रीघ लागते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच बसले.

विंडोज ११ ला टीपीएम, म्हणजे सुरक्षेची चिप लागते. तो प्रश्न पाच मिनिटांत सुटला. ती वेगळी चिप विकत आणायची गरज नव्हती. मशीन सुरू होताना डिलीट की दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये गेले, तिथं 'पीटीटी', म्हणजे इंटेलचं अंगचंच टीपीएम, बंद होतं, ते चालू केलं. (एएमडीवाल्यांनी 'एफटीपीएम' शोधावं.) पुढची अट सिक्युअर बूटची, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देण्याची. त्यासाठी 'सीएसएम', म्हणजे जुन्या पद्धतीनं मशीन सुरू करायची सोय, बंद करायचं असं वाचलं, केलं, आणि मशीन उठेचना. काळ्या पडद्यावर एकच ओळ, बूट करायला डिस्क सापडत नाही. हातपाय गार पडले. सीएसएम परत चालू केलं तसं सगळं जागेवर आलं. तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका, डेटा कुठं जात नाही.

कारण असं, की डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती असतात, माझी डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती आणि नव्या यूईएफआय पद्धतीनं सुरू व्हायला जीपीटी लागते. हे आधीच बघता येतं. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा, 'बायोस मोड'समोर 'लेगसी' असेल तर तुमचीही गाडी इथंच अडणार. फॉरमॅट न करता डिस्कची पद्धत बदलायला विंडोजमध्येच 'एमबीआर-टू-जीपीटी' ही कमांड आहे. आधी नुसती तपासणी करायची, मग बदल. माझी तपासणीच नापास. 'डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड'. का ते लिहिलेलं नाही. तीन रात्री मी या एका ओळीपाशी बसून होते.

उत्तर सापडलं डिस्क मॅनेजमेंटच्या चित्रात. आपल्याकडे असेंबल करणारे सरसकट सी, डी, ई असे भाग पाडून देतात. सी फॉरमॅट झाला तरी काम वाचावं म्हणून. चांगलीच सवय आहे ती. पण माझ्या डिस्कवर सिस्टिमचा छोटा भाग, सी आणि डी हे तीन प्रायमरी, म्हणजे मुख्य भाग, आणि ई हिरव्या चौकटीत, एक्स्टेंडेड भागाच्या, म्हणजे आत आणखी भाग पाडता येणाऱ्या भागाच्या पोटात. या कमांडला तीनपेक्षा जास्त प्रायमरी चालत नाहीत आणि एक्स्टेंडेड तर अजिबातच नाही. म्हणजे ई काढायचा. त्या ई मध्ये माझं सगळं जुनं काम. विद्यार्थ्यांचे प्रबंध, जुन्या फॉन्टमधल्या फायली, आता हयात नसलेल्या माणसांच्या षष्ट्यब्दीच्या स्मरणिका.

१८० जीबी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं. आधी चुकून मागच्या काळ्या पोर्टला लावली होती. निळ्या पोर्टला लावल्यावर कॉपी झपाट्यानं झाली. दोन्हीकडच्या फायलींचा आकडा प्रॉपर्टीजमध्ये जुळवला, दहा-बारा फायली उघडून पाहिल्या आणि मगच ई डिलीट केला. परत तपासणी. परत नापास! तेव्हा मात्र रडूच आलं. चित्राकडे नीट पाहिलं तर ई गेला होता, पण त्याची रिकामी हिरवी चौकट तशीच होती. तिच्यावर राइट क्लिक करून पुन्हा एकदा डिलीट केलं. पट्टी काळी झाली, 'अनअलोकेटेड', म्हणजे कुठल्याच भागात नसलेली मोकळी जागा. आता तपासणी पास. डिस्कची पद्धत बदलायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

बायोसमध्ये सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, आणि मशीन पहिल्या झटक्यात उठलं. पुढचं अपग्रेड संध्याकाळभरात झालं. प्रिंटर, मराठी कीबोर्ड, फॉन्ट सगळं जागच्या जागी.

आठवलं म्हणून सांगते, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर बायोसला हात लावायच्या आधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. यूपीएस नसेल तर हे काम करू नका, आमच्याकडे दिवे कधी जातील सांगता येत नाही. मशीनचं घड्याळ सारखं मागं पडत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल आधी बदला. तो संपला की बायोसमध्ये केलेलं सगळं पुसलं जातं. आणि प्रोसेसर खरंच जुना असेल तरी लगेच नवं मशीन घेऊ नका, घरगुती विंडोज १० ला नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात.

विंडोज १० वर परत जायला दहा दिवसांची मुभा असते. ते दहा दिवस मी काळ्या पट्टीला हात लावला नाही. अकराव्या दिवशी तिथं नवा भाग केला, मुद्दाम ई हेच अक्षर दिलं आणि १८० जीबी परत आणलं. जुन्या फायलींमधले फोटो ई च्या पत्त्यानं जोडलेले असतात, दुसरं अक्षर दिलं असतं तर प्रत्येक पानावर रिकाम्या चौकटी आल्या असत्या. एक जुनी स्मरणिका उघडली. पहिल्या पानावरचा फोटो आला.