आधी स्वतःचा आवाज

हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखाली वापरायचा मायक्रोफोन, मी पहिल्यांदा समुद्रात सोडला तेव्हा हेडफोनमध्ये एकही सागरी प्राणी ऐकू आला नाही. ऐकू आली ती आमचीच होडी: तळावर आपटणारे पाणी, काठाला घासणारी केबल आणि कोणीतरी फळीवर ठेवलेली बाटली. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा साडेचार पट वेगाने जातो आणि फार दूरवर पोहोचतो. त्यामुळे तिथे आपली लहानशी हालचालही लपत नाही.

इंजिन बंद करणे हा झाला सोपा भाग. होडीला थेट टांगलेला हायड्रोफोन लाटांबरोबर वरखाली होतो, खोलीनुसार पाण्याचा दाब बदलतो आणि तो बदल घरघर म्हणून नोंदवला जातो. म्हणून तो वेगळ्या तरंगत्या बोयाला लवचिक दोरीने बांधून प्रवाहाबरोबर वाहू द्यावा लागतो. केबल ताणलेली राहिली, तर वाहत्या पाण्याने ती तारेसारखी गुणगुणू लागते.

हे सगळे जमल्यावर उथळ, उबदार पाण्यात जी तडतड ऐकू आली, ती मला यंत्रातला बिघाड वाटली; सुका पाचोळा पेटावा तसा तो आवाज होता. प्रत्यक्षात तो बोटभर लांबीच्या कोळंब्यांचा होता. त्यांची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते आणि ती झटक्यात मिटताच पाण्याचा वेगवान झोत निघून एक बुडबुडा तयार होतो. आवाज येतो तो नांग्यांची टोके एकमेकांवर आपटल्याने नव्हे, तर तो बुडबुडा कोसळल्याने. हे २००० साली अतिवेगवान चित्रणातून दाखवण्यात आले.

मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत अडचण आपल्या कानांची असते. निळ्या देवमाशाच्या काही हाका १६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १६ कंपनांच्या आसपास असतात आणि आपल्याला साधारण २० हर्ट्झच्या खालचे ऐकू येत नाही, तर डॉल्फिनचे टिकटिक आवाज १०० किलोहर्ट्झच्याही वर जातात. म्हणून देवमाशाची हाक कित्येक पट वेगाने वाजवून आणि डॉल्फिनचा आवाज मंद करून ऐकवला जातो. त्यात गैर काहीच नाही, मात्र वेग किती पट बदलला हे सोबत न लिहिणे मला अप्रामाणिक वाटते.

माझी मोठी चूक देवमाशाच्या हाकांच्या या खालच्या पट्ट्यातच झाली. लाटांची घरघर त्रासदायक वाटली म्हणून मी फिल्टर लावून खालच्या कंप्रतेचे आवाज काढून टाकले आणि स्वच्छ झालेली फाइल तेवढी जपून ठेवली. त्या पट्ट्यात एखादा देवमासा होता की नाही, हे तपासण्याचा मार्गच मी त्याबरोबर पुसून टाकला. आता मूळ फाइलला मी हात लावत नाही, घरघरीसकट ती तशीच ठेवतो.