भरलेली मेलपेटी आणि वर्गणीशिवायची वाट

मी सांगलीत राहते आणि गेली सोळा वर्षे घरूनच मुद्रितशोधनाचे काम करते. दिवाळी अंकांचा हंगाम सुरू झाला की ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत माझ्याकडे येणारी जवळजवळ सगळी प्रुफे मेलने येतात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एका संपादकांचा दुपारी फोन आला. "ताई, सकाळपासून दोनदा अंकाच्या पानांचा फॉर्म पाठवला, दोन्ही वेळा परत आला. तुमची मेलपेटी भरली आहे असं दाखवतंय." मी मात्र काम यायला उशीर होत आहे, अशा समजुतीत सकाळपासून बसून होते. आदल्या दोन दिवसांत आणखी कुणाकुणाचे मेल परत गेले असतील, हे कळायला माझ्याकडे काहीच मार्ग नव्हता, आणि त्या दिवशी मला सर्वांत जास्त त्रास त्याचाच झाला.

जीमेलचे खाते मी अनेक वर्षे वापरत आले, पण त्यातील १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, हे मी कधी नीट लक्षात घेतले नव्हते. जागा संपली की फोटोंचा बॅकअप थांबतो, हे ठीक. पण मेल येणे आणि जाणेही थांबते. महिन्याला १३० रुपये भरून १०० जीबी घ्यावेत, हा सरळ उपाय समोरच होता. तो उपाय वाईट आहे असे मी म्हणणार नाही, आणि ज्यांना वेळ नाही त्यांनी तो जरूर घ्यावा. मला मात्र एका गोष्टीची चिंता वाटली. आज १०० जीबी घेतले की ते चार वर्षांत भरणार, मग २०० जीबी घ्यावे लागणार, आणि एखाद्या वर्षी वर्गणी भरायची राहिली तर माझ्या पोटापाण्याचा पत्ता पुन्हा बंद पडणार. म्हणून त्या दिवशी ड्राइव्हमधील दोन मोठे व्हिडिओ पेनड्राइव्हवर उतरवून तेथून काढले, तात्पुरती जागा केली, संपादकांना फॉर्म पुन्हा पाठवायला सांगितला आणि हंगाम संपल्यावर हे काम मुळापासून करायचे ठरवले.

लक्ष्मीपूजन होऊन गेल्यावर बसले. खात्याच्या स्टोरेजच्या पानावर कशाने किती जागा घेतली आहे, ते वेगवेगळे दाखवलेले असते. माझ्या बाबतीत फोटो साडेसहा जीबी, मेल साडेचार, ड्राइव्हमध्ये काही व्हिडिओ हलवूनही जवळजवळ दोन, आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप दीड जीबी असे चित्र निघाले. व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी या जागेत धरला जात नसे. अँड्रॉइड फोनवर तो २०२४ पासून धरला जाऊ लागला. व्हॉट्सॲपच्या बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यातून व्हिडिओ वगळले आणि निरुपयोगी गटांतील चित्रे फोनमधून काढून टाकली, तेव्हा पुढच्या बॅकअपला तो आकडा तीनशे एमबीच्या आत आला. एवढे काम दहा मिनिटांचे होते.

फोटोंच्या बाबतीत मात्र एक संध्याकाळ फुकट गेली, आणि ते सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांची तीच चूक होत असावी. मी सर्वांत जुन्या फोटोंपासून सुरुवात केली. २०१७ आणि २०१८ चे शेकडो अस्पष्ट, दुबार फोटो निवडून काढले, कचरापेटीही रिकामी केली, पण जागेचा आकडा जागचा हलला नाही. कारण असे, की १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी' या पर्यायाने चढवलेले फोटो त्या १५ जीबीत मोजलेच जात नाहीत. जागा खातात ते त्या तारखेनंतरचे. दुसरी सावधगिरी याहून महत्त्वाची आहे: बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजमधून काढला की तो फोनमधूनही जातो. तेव्हा प्रत दुसरीकडे सुरक्षित पोहोचल्याची खात्री होईपर्यंत तेथे काहीही पुसू नये.

ती प्रत काढण्यासाठी गूगलचीच 'टेकआउट' ही सोय आहे. तेथे फक्त फोटो निवडून मी दोन-दोन जीबीच्या झिप फाइली मागितल्या. काही तासांनी मेलवर दुवा आला, आणि तो सात दिवसच चालतो. आमच्या घरचे इंटरनेट दिवसा अडखळते, म्हणून रात्री एकेक फाइल उतरवली. तिसरी अर्ध्यावर तुटली, ती दुसऱ्या रात्री पुन्हा उतरवली. झिप उघडल्यावर बऱ्याच फोटोंशेजारी जेसन प्रकारची एक छोटी फाइल दिसते आणि ती अडगळ वाटते, पण तिच्यात त्या फोटोच्या तारखेची नोंद असते. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख मुळातच असते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून मात्र ती निघून गेलेली असते आणि मग त्या छोट्या फाइलीचाच आधार राहतो. मी त्या सगळ्या ठेवल्या आहेत.

आता मेल. येथे माझे खरे काम होते, आणि येथेच मी सर्वाधिक दिवस घालवले.

जीमेलच्या शोधाच्या चौकटीत इंग्रजीत 'लार्जर' हा शब्द, त्याला जोडून अपूर्णविराम आणि पुढे '१०एम' असे (larger:10M) टाकले की दहा एमबीहून मोठे सगळे मेल समोर येतात. माझ्याकडे ते दोनशेच्या घरात निघाले आणि जवळजवळ सगळे प्रुफांचे होते. पहिले प्रूफ, दुसरे प्रूफ, मी दुरुस्त्या करून स्कॅन केलेली पाने, अंतिम प्रत: एकाच अंकाच्या पाच-पाच पीडीएफ. शिवाय मेलला जोडलेली फाइल पाठवण्यासाठी अक्षरांच्या रूपात बदलली जाते, त्यामुळे तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. १८ एमबीची पीडीएफ मेलमध्ये २४ एमबीची जागा घेते. पंचवीस एमबीची मर्यादा असताना वीस एमबीच्या आसपासची फाइलसुद्धा कधी कधी का जात नाही, हे कोडे मला अनेक वर्षांनी सुटले.

त्या दोनशे मेलमध्ये २०१४ च्या एका अंकाचे तिसरे प्रूफ सापडले. त्या अंकाचे संपादक आता हयात नाहीत. त्यांनी माझ्या दुरुस्त्यांवर पुन्हा लाल शाईने खुणा केल्या होत्या; एका ठिकाणी मी 'कि' चा 'की' करायचा विसरले होते, तेथे समासात त्यांनी दीर्घ वेलांटी एवढी मोठी काढली होती की ती शेजारच्या ओळीपर्यंत पोहोचली होती, आणि खाली लिहिले होते, 'डोळ्यांना विश्रांती द्या, उद्या पाहा.' ते पान पाहिल्यावर मोठे मेल सरसकट पुसण्याचा विचार मी सोडून दिला. जागा करायची होती, पण सोळा वर्षांचे काम घालवायचे नव्हते.

म्हणून मोफत मिळणाऱ्या इतर मेलसेवा पाहिल्या. प्रोटॉन मेल ही स्वित्झर्लंडमधील सेवा मोफत खात्यात मेलसाठी १ जीबीपर्यंत जागा देते, आणि गोपनीयतेच्या दृष्टीने ती मला मनापासून आवडली. पण तेथील मेल संगणकावरील मेलच्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेण्याची सोय पैसे भरणाऱ्यांनाच आहे. जर्मनीतील टुटा हीसुद्धा १ जीबी देते, परंतु मोफत खाते सहा महिने उघडले नाही तर ते बंद होते. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये मेलसाठी १५ जीबी आहेत, हे वाचून मी आशेने पुढे गेले. तेव्हा कळले की मेलला जोडलेल्या फाइली वन ड्राइव्हच्या ५ जीबीतही मोजल्या जातात, आणि माझे सगळे ओझे तर जोडलेल्या फाइलींचेच. खासगी पत्रव्यवहारासाठी यांपैकी कोणतीही सेवा पुरेशी आहे. माझ्या कामाचा पत्ता मात्र तीस-चाळीस संपादक आणि मुद्रक यांच्याकडे वर्षानुवर्षे लिहिलेला आहे. तो बदलला असता तर पुढच्या हंगामात निम्मे मेल जुन्या पत्त्यावरच गेले असते. तेव्हा पत्ता तोच ठेवायचा आणि जुना साठा घरी आणायचा, असे ठरले.

यासाठी थंडरबर्ड हा प्रोग्रॅम वापरला. तो पूर्णपणे मोफत आहे, आणि त्यात जीमेलचे खाते जोडणे हे पासवर्ड टाकून संमती देण्याइतके सोपे आहे. पण येथे एक गोष्ट न समजता घाई केली तर सगळे हातचे जाऊ शकते. थंडरबर्डमध्ये खात्याखाली जे मेल दिसतात, ते आयमॅप पद्धतीने दिसतात, म्हणजे तो जीमेलचा आरसा असतो. जीमेलमधून मेल पुसला की आरशातूनही तो जातो. खरी वेगळी प्रत हवी असेल तर ते मेल डाव्या बाजूच्या 'लोकल फोल्डर्स' या विभागात एखादे फोल्डर करून त्यात कॉपी करावे लागतात. मी आधी चाळीस मेल कॉपी केले, इंटरनेट बंद केले, त्यातील पीडीएफ उघडून पाहिल्या आणि मगच पुढे गेले. दुसरी अडचण लेबलांची. जीमेलमध्ये एका मेलला तीन लेबले असतील तर तो थंडरबर्डमध्ये तीन फोल्डरांत दिसतो, आणि सगळी फोल्डरे कॉपी केली तर त्याच्या तीन प्रती होतात. मी फक्त 'ऑल मेल' या, प्रत्येक मेल एकदाच असणाऱ्या फोल्डरमधून वर्षवार मेल उचलले: २००८ चे एक फोल्डर, २००९ चे एक, असे. आयमॅपने दिवसाला सुमारे अडीच जीबीच उतरवता येतात, म्हणून हे काम तीन दिवस पुरवून केले. प्रत्येक वर्षाचा मेलचा आकडा वहीत लिहून दोन्हीकडे ताडून पाहिला, आणि त्यानंतरच ब्राउझरमध्ये जीमेल उघडून २०२१ पर्यंतचे दहा एमबीहून मोठे मेल पुसले. पुसलेले मेल कचरापेटीत तीस दिवस राहतात आणि तोवर जागा अडवतात. ती पेटी वेगळी रिकामी करावी लागते.

हे सगळे ठेवायचे कोठे? क्लाउडवरील मोफत जागांचा हिशेब मी करून पाहिला होता: वन ड्राइव्ह ५ जीबी, ड्रॉपबॉक्स २, मेगा २०. गूगल धरून चार ठिकाणी चार तुकडे ठेवून सगळे बसवता आले असते. पण चार पासवर्ड, चार निरनिराळे नियम, आणि मोफत खाते दीर्घकाळ उघडले नाही तर ते पुसले जाण्याची टांगती तलवार. गूगलचाही नियम दोन वर्षांचा आहे. मेगावर तर पासवर्ड आणि तो विसरल्यास खाते उघडून देणारी 'रिकव्हरी की' ही किल्ली, दोन्ही हरवली तर फाइली कंपनीलाही उघडता येत नाहीत. आज मी सांभाळीन, पण माझ्यामागे घरातील कोण सांभाळणार, या विचाराने मी तो नाद सोडला. बंद पडलेल्या लॅपटॉपमधील ५०० जीबीची डिस्क भाच्याने काढून दिली, क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने ती धडधाकट असल्याचे पाहिले आणि चारशे रुपयांची केसिंग, म्हणजे डिस्क बाहेरून संगणकाला जोडता येईल अशी पेटी, आणून तीत बसवली. या साऱ्या खटाटोपात झालेला खर्च तेवढाच. दुसरी एक एक्स्टर्नल डिस्क मिरजेला भावाकडे पडून होती, तीही मागून घेतली. दोन्हींवर तेच फोटो, तेच मेल.

फोनमधील नवे फोटो रोज संगणकावर यावेत म्हणून सिंकथिंग लावले आहे. ते मोफत आहे आणि मध्ये कोणाचाही क्लाउड न ठेवता घरच्या वाय-फायवरून एका यंत्रातून दुसऱ्यात फाइली नेते. त्याचे मूळ अँड्रॉइड ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झाले, त्यामुळे आता फोनवर 'सिंकथिंग-फोर्क' वापरावे लागते. मात्र त्याला बॅकअप समजू नये. फोनमध्ये फोटो पुसला की संगणकावरचाही पुसला जातो. मी संगणकावर त्या फोल्डरला 'ट्रॅश कॅन' हा पर्याय चालू केला, त्यामुळे पुसलेले फोटो वेगळ्या जागी शिल्लक राहतात.

ड्राइव्हमध्ये आधार, पॅन, वाहन परवाना यांचे स्कॅन चार-चार प्रतींत पडले होते. ते सगळे काढले. डिजिलॉकरमध्ये संबंधित कार्यालयाकडून थेट आलेली कागदपत्रे २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानली जातात. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या प्रतीला तो दर्जा नसतो. म्हणजे जे स्कॅन मी इतकी वर्षे जपले, त्यांच्यापेक्षा तेथील कागद अधिक उपयोगाचे आहेत, आणि ते १५ जीबीत मोजलेही जात नाहीत.

संपादकांना मी एकच विनंती केली: पाच एमबीहून मोठी पीडीएफ मेलला न जोडता ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा. आपल्याला दुसऱ्याने दाखवलेली फाइल आपल्या जागेत मोजली जात नाही, ज्याची असते त्याच्या जागेत मोजली जाते. काहींनी लगेच मानले. काही अजून जोडूनच पाठवतात, आणि हंगामाच्या धावपळीत मी त्यांना पुन्हा सांगत नाही.

सध्या माझे खाते साडेचार जीबीवर आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी डिस्क जोडते, नवे फोटो आणि थंडरबर्डचे फोल्डर तीवर उतरवते आणि सहज म्हणून दहा फाइली उघडून पाहते. दुसरी डिस्क मिरजेला भावाच्या कपाटात असते. भाऊबिजेला तो येताना ती घेऊन येतो आणि जाताना माझ्याकडची नेतो. मे महिन्यात मी माहेरी गेले की पुन्हा अदलाबदल होते. डिस्कवर मागच्या अदलाबदलीची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे, आणि यंदाची तारीख वहिनीने तिच्या अक्षरात घातली आहे.