पंचवीस दिवसांची पिल्लं

सकाळी सव्वासातला फोन आला. जनावरांच्या दवाखान्याचं कुलूपही उघडलं नव्हतं. पलीकडून बाईचा आवाज, दबका, जणू शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर पदर धरून बोलतेय.

"मॅडम, पिल्लं मरतायत. तोच रोग आला काय ओ?"

'तोच' म्हणजे कुठला, हे विचारावं लागलं नाही. २०२१चा जानेवारी अर्धा सरला होता. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात दोन दिवसांत आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या होत्या आणि बर्ड फ्लू असल्याचा अहवाल आला होता. परभणी लांब आहे असं म्हणेपर्यंत आमच्या दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांचे नमुनेही तसेच निघाले. त्या आठवड्यात तालुक्यात कुठे चिमणी जरी पडली तरी मला फोन येत होता. पण हा फोन वेगळा होता. या वहिनींना मी ओळखत होते. पन्नास टक्के अनुदानाच्या योजनेतून त्यांनी शंभर एकदिवसीय पिल्लं घेतली होती. मुलगा लॉकडाऊनमध्ये मुंबईची नोकरी सुटून घरी आलेला. मायलेकांनी मांगराचा (घराबाहेरच्या गोठ्याचा) अर्धा भाग रिकामा करून, बल्ब टांगून पिल्लं वाढवायला घेतली होती. सातव्या दिवशीची लासोटा (राणीखेत रोगावरची) आणि चौदाव्या दिवशीची गंबोरो रोगावरची या दोन्ही लसी मी स्वतः जाऊन डोळ्यांत थेंब टाकून दिल्या होत्या. पंचवीस दिवसांची पिल्लं होती ती.

"किती मेली?"

"परवा तीन. काल सात. आज उठले तर अकरा."

तीन, सात, अकरा. हा चढ ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांनी आणखी एक सांगितलं, "आणि मॅडम, पोरांना परवा नारळीत मेलेला कावळा गावला होता. पुरला त्यांनी."

२००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा मी पशुवैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला होते. तिकडे ड्युटी लागलेले सीनियर परत आले तेव्हा दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. लाखो कोंबड्या मारून पुरल्या होत्या. त्यातला एक जण एवढंच म्हणाला होता की मारण्यापेक्षा घरोघरी जाऊन मागून घेणं जड गेलं. रोग नक्की झाला तर एक किलोमीटरच्या परिघातला सगळा पक्षी नष्ट करायचा, दहा किलोमीटरवर पाळत ठेवायची, हा नियम. वहिनींच्या वाडीत बावीस घरं आणि प्रत्येक खुराड्यात पाच-दहा गावठी कोंबड्या. वाडीतल्या बायकांची ती बँकच.

मी वहिनींना सांगितलं, मेलेल्या पिल्लांना हात लावू नका, पुरू नका, फेकू नका, पाटीखाली झाकून ठेवा. मांगरात तुमच्याशिवाय कुणी जायचं नाही. पायात घालाल ती चप्पल तिथेच सोडायची. मोठ्या कोंबड्या आजपासून खुराड्यातच. मग वरिष्ठांना फोन केला. तीस वर्षं कोकणात काढलेला माणूस. त्यांनी आधी एकच गोष्ट बजावली, "जागेवर पिल्लू फाडायचं नाही. काय वाटेल ते दिसो, फाडायचं नाही."

एरवी पिल्लू मेलं की आम्ही पहिलं तेच करतो. पोट उघडलं की अर्धं निदान हातात येतं. पण बर्ड फ्लूचा संशय असताना उघड्यावर शवविच्छेदन करणं म्हणजे रोग हातानं अंगणभर पसरवणं, आणि स्वतःलाही लावून घेणं. मेलेला पक्षी अख्खाच्या अख्खा प्रयोगशाळेत जायला हवा. तेव्हा जे काही कळायचं ते बाहेरून बघूनच कळणार होतं.

करोनामुळे पीपीई किट दवाखान्यात पडून होते. वाडीच्या पायवाटेवर ते चढवलं तेव्हा बांधावरची माणसं मागे सरली. वर्षभर त्यांनी असल्या पांढऱ्या पोशाखातली माणसं फक्त वाईट बातमीच घेऊन येताना पाहिली होती.

मांगराचं दार लोटलं आणि पहिला आला तो वास. अमोनियाचा, डोळ्यांत झोंबणारा, मास्कमधूनसुद्धा. थंडी होती म्हणून वहिनींनी चारी बाजूंनी गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक लावून बारीक फटसुद्धा ठेवली नव्हती. पिल्लं बल्बखाली गोळा झालेली. पंख सैल सोडलेले, पिसं फुगलेली, डोळे मिटलेले. एकीला उचललं तर ती माझ्या तळव्यावर तशीच बसून राहिली, सुटायची धडपड नाही. तुरा अजून फुटतच होता, पण जो होता तो बर्ड फ्लूत पडतो तसा निळा नव्हता, पांढुरका पडला होता. चोच दाबून पाहिली, घशातून चिकट काही आलं नाही. श्वासाला घरघर नाही. मान सरळ.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मनात त्या वेळी चार नावं रांगेत उभी होती. मानमोडी, म्हणजे राणीखेत. ती असती तर मान वाकडी, हिरवी हगवण, धाप दिसली असती, आणि लस तर झालेली होती. गंबोरो नेमकी याच वयात, तीन ते सहा आठवड्यांत गाठते. त्याचीही लस झाली होती, पण लस दिली म्हणून डोळे मिटून घेता येत नाहीत. तिसरं नाव ते, जे वाडीत कुणी मोठ्यानं घेत नव्हतं. चौथं मला दारातच सुचलं होतं, वासावरून. पण वासावर निदान करत नाहीत.

एका डालग्याखाली जुना पेपर अंथरून त्यावर चार आजारी पिल्लं ठेवली आणि बाहेर येऊन मोठ्या कोंबड्या पाहिल्या. नऊ गावठी, एक कोंबडा. त्या याच अंगणात चरत होत्या, मांगराच्या दाराशी सांडलेलं खात होत्या. नऊच्या नऊ ठणठणीत. खुराड्यात कोंडल्याचा राग मात्र भरपूर होता. शेजारच्या पाच घरांतही विचारून आले, एकही मेलेली नाही. बर्ड फ्लूला मोठ्या कोंबड्यांचं वावडं नसतं, त्याही पडतात. इथे मरत होती ती फक्त मांगरातली पिल्लं.

वीस मिनिटांनी पेपर बाहेर काढला. जाहिरातीच्या पानावर तीन ठिपके होते. एक नेहमीचा, वर पांढरी टोपी असलेला. उरलेले दोन विटकरी लाल, शेंबडासारख्या धाग्यांनी भरलेले, कडेला उघडं रक्त.

"हे कधीपासून?"

"चार दिवस. दुकानात विचारलं. त्यांनी पावडर दिली पाण्यात घालायला. नि ताकद यावी म्हणून हे." वहिनींनी दोन पाकिटं पुढे केली. एक अँटिबायोटिक, दुसरं बी-कॉम्प्लेक्सचं.

मी खाली बसून पिल्लांखालच्या गादीतलं तूस (भाताचं टरफल) मुठीत घेतलं आणि घट्ट दाबलं. मूठ उघडली तर लाडू. चांगलं तूस दाबून सोडलं की भुरभुरून गळून जातं, जरा ओलावा असला तर चिकटून मग फुटतं. हा लाडू तसाच राहिला. पाण्याची भांडी पाहिली. एक कललेलं, थेंब थेंब गळत होतं, आणि भोवतीचं तूस काळं पडलं होतं.

"खाद्य कुठलं देताय?"

वहिनी थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग मुलगाच म्हणाला, "स्टार्टर संपलं नि परत पोतं आणायला जमलं नाही. सात-आठ दिवस कणी नि कोंडा चाललाय."

त्या एका वाक्यात सगळं जुळलं. रक्ती हगवण, आमच्या भाषेत कॉक्सिडिओसिस. तिचे जंतू विष्ठेतून पडतात, पण पडल्या पडल्या बाधत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात, मग पिल्लू ते टिपतं आणि आतड्यात त्यांची पैदास सुरू होते. मांगरात ओल होती, बल्बची ऊब होती, आणि पिल्लांच्या स्टार्टर खाद्यात बहुधा असतं ते प्रतिबंधक औषधही खाद्य बदललं त्या दिवशी बंद झालं होतं. अँटिबायोटिकचा यावर उपयोग नव्हता. बी-कॉम्प्लेक्सनं तर पुढचं औषधही निकामी झालं असतं. अ‍ॅम्प्रोलियम हे औषध जंतूला जीवनसत्त्व बी-१ची भूल पाडून उपाशी मारतं. वरून बी-१ पाजलं की जंतूचं भागतं.

तरी मी तोंडानं काही बोलले नाही. दवाखान्यात येऊन विष्ठा मिठाच्या संपृक्त पाण्यात मिसळली, गाळली, वर तरंगलं ते काचेवर घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली अंडाकृती, दुहेरी कडेच्या, चकाकणाऱ्या, त्याच जंतूंच्या गाठीच गाठी. वरिष्ठांना फोन केला. आवाजातला आनंद लपला नसावा, कारण ते म्हणाले, "धडधाकट पिल्लांतही थोड्या सापडतात त्या. रक्ती आहेच, औषध आत्ता सुरू कर. पण रक्ती आहे म्हणून दुसरं काही नाही, असं कुठे लिहिलंय? तो कावळा पुरलाय ना?"

कावळा पुरला होता आणि पोरांना जागा नेमकी आठवत नव्हती.

संध्याकाळी ताजी मेलेली दोन पिल्लं दुहेरी पिशवीत, बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात, आणि आजाऱ्यांच्या घशाचे व शेणमार्गाचे स्वॅब व्हीटीएमच्या (विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या) नळ्यांत, असं सगळं रात्रीच्या गाडीनं पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे गेलं. तिथून नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत.

पुढचे चार दिवस पिल्लांपेक्षा माणसांचेच होते. दुसऱ्याच सकाळी एक टेम्पोवाला वाडीच्या तोंडाशी उभा राहिला, निम्म्या भावात कोंबड्या घ्यायला. बायका पिशव्या घेऊन निघाल्याही होत्या. उद्या सरकार मारणारच असेल तर आज मिळतील तेवढे पैसे का सोडा, हे त्यांचं गणित. त्यात त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही. मी रस्त्यात उभी राहिले. म्हटलं, रोग नसेल तर चार दिवसांनी पूर्ण भावात विकाल. असेल तर तो या टेम्पोत बसून पुढच्या गावाला जाईल, तिथेही अशीच खुराडी आहेत. आणि सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्याची भरपाई मिळते, आपोआप मेलेल्याची नाही. म्हणून लवकर सांगणाऱ्याचंच कमी नुकसान होतं. एक म्हातारी आजी सगळं ऐकून म्हणाली, "तू सांगतेस म्हणून थांबते. पण तू रोज यायचंस." टेम्पो रिकामा गेला. मी रोज गेले.

वहिनींच्या घरी पाणी मागायला येणं वाडीनं बंद केलं होतं. कुणी भांडलं नाही, फक्त येणं बंद झालं. वहिनी मला म्हणाल्या, "माझ्यामुळं सगळ्यांच्या कोंबड्या जायच्या काय?" मी त्यांना सांगितलं की तुम्ही फोन केलात, गपचूप पुरलं नाहीत, याचं मोल मला विचारा. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही.

मांगरात मात्र बदल दिसत होता. सगळं ओलं तूस काढून लांब खड्ड्यात चुना टाकून पुरलं. जमिनीवर चुना मारला, कोरडं तूस पसरलं. वरची वीतभर जागा मोकळी सोडून गोणपाट खाली घेतलं, भांडी विटांवर चढवली. बी-कॉम्प्लेक्स बंद, पाण्यात अ‍ॅम्प्रोलियम, जोडीला जीवनसत्त्व के. पहिल्या दिवशी आणखी नऊ मेली, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी वहिनींनी फोन करून मेलेल्यांचा आकडा सांगितलाच नाही. म्हणाल्या, "पायाखाली येतायत ओ, चालायला देत नाहीत."

त्याच दुपारी अहवाल कळला. बर्ड फ्लू नाही. पुण्याच्या शवविच्छेदनात दोन्ही पिल्लांच्या आंधळ्या आतड्या (आतड्याच्या बंद टोकाच्या पिशव्या) रक्ताच्या गाठींनी टम्म फुगलेल्या. मी गाडी बाजूला घेतली आणि आधी त्या म्हातारीच्या नातवाला फोन लावला, मग वहिनींना. वाडीत पोचेपर्यंत खुराडी उघडली होती आणि चार दिवस कोंडलेल्या कोंबड्या उकिरड्यावर तुटून पडल्या होत्या. वहिनींच्या ओट्यावर दोन बायका चहा पीत बसल्या होत्या.

आठव्या आठवड्याला राणीखेतवरची पुढची, आर-टू-बीची लस टोचायला गेले. मुलानं एकेक धरायचं, मी पंखाखाली सुई घालायची, वहिनींनी मोजायचं. त्रेसष्ट भरली. स्टार्टरचं अर्धं पोतं कोपऱ्यात होतं. हप्त्यानं आणलेलं, वहिनींनी न विचारता सांगितलं. तळव्यावर निपचित बसलेली ती जगली का, हे मला पाहायचं होतं. पण त्रेसष्टच्या त्रेसष्ट पंख फडफडवत, नखं मारत हातातून सुटायला बघत होत्या आणि त्यातली ती कुठली, ओळखता येत नव्हतं.